डबीनं सांगितलेलं

माझ्या बायकोनं उभ्या आयुष्यात एकदाच कुणावर खोटा आळ घेतला, आणि तोही आलेख काढून. गोष्टीला आता वर्ष होत आलं. पण मी अजूनही जेवताना मध्येच हात थांबवून तिच्याकडे बघतो आणि मनात म्हणतो, ही? कांता? साडेनऊला येतो म्हणून नऊ पन्नासला आलो तर जी वीस मिनिटांचा हिशेब मागते, तिच्या हातून हे व्हावं? माझा खरंच विश्वास बसत नाही.

आम्ही बोरगाव मेघेला राहतो. मी प्रेमदास ताकसांडे, एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर. आता कांताच्या स्कूटरचा ड्रायव्हर आहे. पूर्वी घंटी वाजली की गाडी सोडत होतो, आता कांतानं पाठीवर बोट टोचलं की सोडतो. फरक एवढाच की तेव्हा मधूनमधून सुट्टी मिळायची.

कांता आयटीआयला गेली तेव्हा वीजतंत्रीच्या वर्गात ती एकटी मुलगी होती. पहिल्या दिवशी मास्तर म्हणाले, "पोरी, शिवणकामाचा वर्ग पलीकडं आहे." ही म्हणाली, "मले माहीत हाय सर, तिकूनच आली. तिथला पंखा बंद हाय. तो कोण दुरुस्त करते?" पुढं वीस वर्षं तिनं मोटारी वाइंडिंग केल्या, आणि मग हे मोजमापाचं काम धरलं.

काम काय, तर यंत्र ठेवून यायचं आणि ठरलेल्या दिवशी उचलून आणायचं. त्याला डेटा लॉगर म्हणतात. तिच्याकडे दोन जातीचे आहेत. एक तळहातावर मावेल एवढा. तो गरमी आणि दमटपणा मोजतो आणि दर पाच मिनिटांनी वेळेसकट आपल्या पोटात लिहून ठेवतो. त्याला सगळे डबी म्हणतात. दुसरा मोठा, त्याचे चिमटे तारांभोवती लावायचे. तो विजेचा दाब आणि करंट लिहितो. ती पेटी. जिनिंगमधल्या कापसाचा ओलावा, बियाण्याच्या गोदामातली गरमी, पिठाच्या गिरणीचा कमी-जास्त होणारा दाब, असल्या कामांसाठी तिला पुलगावपासून बोलावणी येतात.

पवनारकडच्या दोघा भावांत एकदा विजेच्या बिलावरून एवढी जुंपली होती की बायका एकमेकींच्या दारावरून जाईनात. कांतानं पेटी लावली. आठ दिवसांनी निघालं असं की दोघंही सज्जन, तारेवर आकडा टाकून वीज चोरणारा तिसराच होता. तेव्हापासून तिच्या आलेखाला आमच्या भागात मान आला. घरात तर विचारूच नका. मी एकदा म्हणालो, मी कुलर फक्त दुपारी लावतो. तिनं न सांगता डबी खिडकीत ठेवली आणि चार दिवसांनी माझ्यासमोर कागद धरला. मी मुकाट्यानं कबूल झालो.

"माणूस इसरते. डबी नाई इसरत," असं ती म्हणायची. आता म्हणत नाही.

गेल्या मे महिन्यात एका गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून तिला फोन आला. गावाचं नाव मी लिहीत नाही, लिहून कुणाचं भलं होणार नाही. तिथं लहान मुलांच्या लसी ठेवायचा एक खास फ्रीज आहे. त्याच्या आतल्या अंगाला बर्फाचं अस्तर असतं आणि आतली गरमी दोन ते आठ अंशांत राहावी लागते. गावात वीज खालीवर होत होती, स्टॅबिलायझर दोनदा जळाला होता. डॉक्टर प्रफुल म्हणून तरुण मेडिकल ऑफिसर होते. त्यांना वरच्या कार्यालयाला दाखवायला आठवडाभराची नोंद हवी होती.

आम्ही सोमवारी गेलो. कांतानं डबी फ्रीजमध्ये लसींच्या टोपलीत ठेवली, पेटीचे चिमटे फ्रीजच्या तारेला लावले. तिथं जयवंताबाई म्हणून परिचर होत्या. कंत्राटी काम. सकाळी साडेआठला दवाखाना उघडायचा, झाडायचा, संध्याकाळी साडेपाचला कुलूप लावायचं. नवरा किसनराव गेल्यापासून याच कामावर त्यांचं चाललं होतं. नर्सबाई रजेवर असल्यामुळे फ्रीजचा काटा बघून रजिस्टरात आकडा लिहायचं कामही त्या आठवड्यात त्यांच्याकडेच होतं. कांतानं त्यांना चार सूचना दिल्या, त्यांनी मान डोलावली आणि आम्हाला चहा दिला.

पुढच्या सोमवारी आम्ही परत गेलो. डबी सरळ लॅपटॉपला लागते, पेटी वाचायला तास जातो. म्हणून कांतानं डबी तिथंच लावली आणि पेटी गुंडाळून स्कूटरच्या डिक्कीत ठेवायला माझ्याकडे दिली. मी परत आत आलो तेव्हा टेबलाभोवती पाच-सहा जण पडद्याकडे वाकून उभे होते.

पडद्यावरची रेघ मला ड्रायव्हरलाही कळली. दिवसा पाच अंश. संध्याकाळी साडेपाचला एकदम वर, एकोणचाळीस. रात्रभर वरच. सकाळी साडेआठला पुन्हा खाली, पाच. असं एकदा नाही, सातही दिवस.

डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाले, "या आठवड्यात आपण एकवीस मुलांना लस दिली आहे."

कांताच्या कपाळाची शीर तट्ट फुगली होती. ती म्हणाली, "कोणतरी रोज संध्याकाळी फ्रीज बंद करून राह्यलं, डॉक्टर. सकाळी आल्यावर चालू."

हे वाक्य तिचं. माझ्या कानांनी ऐकलेलं. सकाळी साडेआठला कोण येतं आणि संध्याकाळी साडेपाचला कोण जातं हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. सगळ्या माना दाराकडे वळल्या. दारात जयवंताबाई चहाचे कप घेऊन उभ्या होत्या.

त्यात भर म्हणजे त्यांची एक सवय साऱ्यांना ठाऊक होती. दोन वर्षांपूर्वी औषधांच्या खोलीत तार जळून आग लागता लागता राहिली होती. तेव्हापासून त्या घरी जाण्याआधी खोलीखोलीत हिंडून दिवे, पंखे, कुलर, सगळी बटनं बंद करायच्या. आजवर त्याचं कौतुकच होत आलं होतं.

"मी फ्रीजचं बटन नाई बंद करत साहेब," त्या म्हणाल्या. "बाकी समदे करतो, ते नाई करत."

"मग रजिस्टरमध्ये रोज सकाळी पाच कसं लिहिलंय?"

"काट्यावर पाच होतं."

"काट्यावर पाच आणि मशीनमध्ये एकोणचाळीस?" डॉक्टरांचा आवाज चढला. "न बघता भरलंय हे रजिस्टर!"

जयवंताबाईंनी पडद्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग कप टेबलावर ठेवले आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. "मशीन तं खोटं नाई बोलत," त्या हळूच म्हणाल्या. त्या दिवशीच त्यांच्याकडून कागद लिहून घेतला. नजरचुकीनं फ्रीज माझ्याकडून बंद राहिला असावा, असा. खाली त्यांची सही, आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर यायचं नाही असा तोंडी निरोप.

घरी येईपर्यंत कांता धुमसत होती. "एकवीस लेकरं हो," ती म्हणत होती, "एकवीस!" मीही काही कमी नव्हतो. जयवंताबाईला मी वाटेत दोन शिव्या घातल्या, हे इथं लिहिताना मला लाज वाटते. पण घातल्या हे खरं.

तीन दिवसांनी पवनारच्या थांब्यावर मला कैलास भेटला. आरोग्य केंद्राची गाडी चालवतो, माझ्या ओळखीचा. चहा घेता घेता त्यानं जे सांगितलं ते ऐकून मी कप खाली ठेवला. गावातल्या बाया जयवंताबाईच्या दारात जाऊन भांडून आल्या होत्या. आमच्या लेकरांना सडकी लस टोचली म्हणून. पण ते काहीच नव्हतं. त्या एकवीस मुलांत जयवंताबाईचा स्वतःचा नातू होता, दहा महिन्यांचा. सून काजल त्या पोराला आजीच्या हातात देत नव्हती. आजीनं पाळण्याला हात लावला तरी पाळणा उचलून दुसऱ्या खोलीत न्यायची.

"बुढी काही बोलत नाई," कैलास म्हणाला. "आपल्या हाताकडं पाहत बसते नुसती."

मी घरी येऊन कांताला सांगितलं. ती गवार मोडत होती. त्या दिवशी तिनं भाजीत मीठ दोनदा घातलं.

शुक्रवारी सकाळी अकरालाच आमच्याकडची लाइन गेली. बाहेर सेहेचाळीस अंश. तीन वाजता मी फ्रीजमधून पाण्याची बाटली काढली, तोंडाला लावली आणि सहज बोलून गेलो, "चार घंटे झाले लाइन जाऊन, तरी पाणी पाहा कसं थंडगार हाय."

कांता पेपरानं वारा घालत पडली होती. तिचा हात थांबला. ती उठली. माझ्या हातातून बाटली घेतली, गालाला लावून बघितली आणि तशीच बाटली धरून बॅगेकडे गेली. लॅपटॉप उघडला. ती एकोणचाळीसची रेघ तिनं मोठी करून बघितली.

"अवो, इकडं या. पाच वरून एकोणचाळीसवर जायला किती वेळ लागला, वाचा."

मी वाचलं. वीस मिनिटं.

"आपला साधा फ्रीज चार घंट्यांत तापला नाई. त्या फ्रीजले बर्फाचं अस्तर हाय. बटन बंद केलं तरी तो रातभर गरम होत नाई. वीस मिनिटांत एकोणचाळीस? असा फ्रीज दुनियेत नाई." "मले तिथंच दिसाले पाह्यजे होतं. तीस वरसं झाले मले विजेचं काम करून. मी नुसती घड्याळाची वेळ पाह्यली अन् त्या बाईचं तोंड पाह्यलं."

मग तिला पेटी आठवली. पेटी त्या सोमवारी डिक्कीतून काढल्यापासून बाजेजवळ वाटेतच पडली होती, न वाचलेली. तिनं ती जोडली. तासाभरानं फ्रीजच्या करंटचा आलेख पडद्यावर आला. मोटार चालू, बंद, चालू, बंद, दर थोड्या वेळानं, दिवसा आणि रात्री, सातही रात्री. कुठंही खाडा नाही.

"फ्रीज एक मिनिटही बंद झाला नाई," कांता म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली. मी तिला बत्तीस वर्षांत अशी बसलेली पाहिली नव्हती. पेटी आमच्याच घरात होती. मी रोज तिच्यावर पाय पडू नये म्हणून वळसा घालून जात होतो. आणि तिकडं एक म्हातारी नातवाला हात लावू शकत नव्हती.

"मंग डबी फ्रीजमध्ये नव्हतीच रातची," ती म्हणाली. "कुठं होती?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही केंद्रावर पोचलो. लस दिलेल्या मुलांच्या आयांना पुढं काय करायचं ते सांगायला डॉक्टरांनी बोलावलं होतं. ओसरी बायांनी भरली होती. कांतानं डॉक्टरांना आत नेलं नाही. तिथंच सगळ्यांसमोर लॅपटॉप उघडला, दोन्ही आलेख दाखवले आणि म्हणाली, "लस चांगली होती. फ्रीज चालू होता. माझंच चुकलं."

डॉक्टर खुर्चीत बसले. "पण लसी आपण बाद करून पाठवून दिल्या," ते म्हणाले, जणू हे आत्ताच त्यांच्या लक्षात आलं होतं. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक पोरगी उठली. कडेवर पोर होतं. ही काजल, जयवंताबाईची सून, असं मागून कुणीतरी म्हणालं.

"ताई," ती म्हणाली, "सोमवारी तुमच्या एका मशीननं सांगतलं, लस खराब. आमी मानलं. आता दुसरं मशीन सांगते, लस चांगली. मंग हे दुसरं खरं कशावरून?"

कांतानं आधी तिच्याकडे आणि कडेवरच्या पोराकडे बघितलं. मग तिनं लॅपटॉप बंद केला.

"तुही सासू कुठं हाय?" तिनं विचारलं.

"घरी. बाहेर नाई निघत."

कांता चालायला लागली. मागून काजल, डॉक्टर, मी, आणि मग निम्म्या बाया. जयवंताबाई अंगणात सुपात तांदूळ निवडत होत्या. एवढी माणसं बघून त्या उठून भिंतीला लागल्या. पुन्हा भांडायला आले असं वाटलं असणार. कांता त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"जयवंताबाई, बसा. मले एवढंच सांगा, संध्याकाळी घरी जाताना तुमी काय काय करत होत्या? पहिल्यापासून सांगा."

जयवंताबाईंनी सुनेकडे बघितलं, डॉक्टरांकडे बघितलं. मग शाळेत उभ्या केल्यासारखं सांगू लागल्या. "झाडू मारो. खिडक्या लावो. नळ पाहो. बीपीचं मशीन, वजनकाटा, समदं महागाचं सामान कपाटात ठेवो. तुमची डबी ठेवो. कपाटाले कुलूप लावो. मंग बटनं..."

"माही डबी?"

"हो. फ्रीजमधून काढो, पदराले पुसो, कपाटात ठेवो. सकाळी आल्याबरोबर पह्यले फ्रीजमध्ये. एक दिवस नाई चुकवला ताई."

मे महिन्यातलं बंद खोलीतलं लोखंडी कपाट. रात्रभर एकोणचाळीस. डबीनं जे होतं तेच लिहिलं होतं, एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं.

"पण काऊन काढत होत्या हो?" कांतानं विचारलं, आणि मला तिच्या आवाजावरूनच कळलं की उत्तर तिला माहीत झालं आहे.

"तुमीच तं सांगतलं होतं, हे लै नाजूक मशीन हाय, एकच हाय, जिवापाड जपजा म्हणून. रातच्याले दवाखान्यात कोणी नसते. फ्रीजले कुलूप नाई."

हो, असंच म्हणाली होती ती. मी शेजारीच उभा होतो. चहा पीत होतो. डबी फ्रीजमधून हलवू नका, हे एक वाक्य सांगायचं राहिलं, कारण तिला वाटलं ते कोणालाही कळेल. आणि सोमवारी त्या टेबलाभोवती पाच-सहा शहाणी माणसं उभी होती, त्यांपैकी एकानंही या बाईला हा साधा प्रश्न विचारला नाही. बटन का बंद केलं, एवढंच विचारलं. मला त्या अंगणात उभं राहवेना.

डॉक्टरांनी मान खाली घातली. म्हणाले, सोमवारपासून तुम्ही कामावर या, मी वर बोलतो. कांता म्हणाली, "अन् तो कागद? यांच्याकडून लिहून घेतलेला? तो फाडा."

"तो फाडता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "त्यावर आवक क्रमांक पडलाय. तो फायलीत राहणारच."

मी डोक्याला हात लावला. एक खोटा कबुलीजबाब, खरा क्रमांक घेऊन सरकारी फायलीत कायमचा बसला होता. कांतानं बॅगेतून तिच्या कामाचं छापील लेटरहेड काढलं आणि तिथंच, मांडीवर सूप उपडं घेऊन, लिहायला लागली. यंत्र कसं वापरावं याची पूर्ण सूचना मी दिली नाही, दुसऱ्या यंत्राची नोंद न वाचता मी निष्कर्ष सांगितला, श्रीमती जयवंता यांचा काही दोष नाही, दोष माझा आहे. मी तिच्या कानाशी लागलो, "अवो, लेटरहेडवर नको. हे फिरलं तर उद्या कोण बोलावंल तुले?" तिनं मान वरही केली नाही. सही केली, तारीख घातली आणि उभी राहून सगळ्या बायांना मोठ्यानं वाचून दाखवलं. यालाही आवक क्रमांक टाका आणि त्या कागदाच्या वर लावा, असं डॉक्टरांना सांगितलं.

काजल रडत होती. ती पुढं आली आणि पोर सासूसमोर धरलं. जयवंताबाईंनी हात पुढं केले नाहीत. ते पोर दोघींच्या मध्ये पाय झाडत राहिलं.

"घ्या ना," कांता म्हणाली. "तुमचा काई दोष नाई हो. माफ करा मले."

"तुमचं काय चुकलं ताई," जयवंताबाई म्हणाल्या. "मशीननं सांगतलं तं मलेच खरं वाटलं. मी पाच दिवस आठवून राह्यली, बटन कवा दाबलं, कवा दाबलं. अन् परवा मले आठवलं बी."

"काय आठवलं?"

"बटन दाबलेलं. असं, या हातानं. साफ दिसलं मले." त्यांनी उजवा हात वर केला आणि हवेत एक बटन खाली दाबलं. "आता तुमी म्हणता नाई दाबलं. पण मले तं अजून दिसते, ताई."